चौतीस इंची प्लेटा

मिस्त्रीचा टेपवर भरवसा नव्हता. टेप खोटी नसते, वाचणारा चुकतो, असं त्याचं म्हणणं. म्हणून तो सगळी मापं सुतळीनं घ्यायचा. एक टोक दातात, दुसरं हातात आणि मधे गाठी. कुठल्या गाठीचा अर्थ काय हे फक्त त्यालाच ठाऊक. लोक त्याला सुतळी मिस्त्री म्हणत, तेही तोंडावर, आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नसे. खिशात रुमाल नसला तरी चालेल, सुतळीचं रीळ हवं. या सुतळीच्या जोरावर त्यानं पन्नाशी ओलांडली, साठी जवळ आणली, आणि एवढ्या वर्षांत एकही शाफ्ट आखूड कापला नाही की एकही भोक वाकडं पाडलं नाही.

लोखंडानं त्याला कधी फसवलं नाही. माणसांना मात्र त्यानं कधी सुतळी लावून बघितली नाही. घरच्या माणसाचं माप काय घ्यायचं, असा त्याचा हिशेब, आणि तिथंच हा शहाणा माणूस मूर्खात निघाला.

घरचा माणूस म्हणजे दादा, सख्खा थोरला भाऊ. सहा वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले तेव्हा दादानं शाळा सोडून कामाला जायला सुरुवात केली आणि धाकट्याची शाळा सुटू दिली नाही. धाकट्यानं ती पुढं आपली आपणच सोडली, तो भाग वेगळा. पण ते उपकार त्यानं जन्मभर डोक्यावर वाहिले. दादानं उठ म्हटलं की उठायचं, बस म्हटलं की बसायचं. त्याची बायको म्हणायची, "दादांनी सांगितलं तर तुम्ही विहिरीत उडी माराल आणि वर विचाराल, पाणी थंड आहे, चालेल ना?"

तीस वर्षांपूर्वी दोघा भावांनी भंगारवाल्याच्या आवारातून एक डोझर उचलून आणला होता. चाकांऐवजी पोलादी साखळ्यांवर चालणारा, पुढं भलंमोठं पातं असलेला, माती लोटणारा. आणला तेव्हाच तो म्हातारा होता. इंजिनात पाखरांनी घरटं केलं होतं आणि डावी साखळी गंजून एकजीव झाली होती. मिस्त्रीनं घरालगतच्या शेडमधे आठ महिने त्याच्याशी झटून त्याला उभा केला. तेव्हापासून कामाची वाटणी ठरून गेली. दादा बोलणारा, हा खोलणारा. दादा कामं आणायचा, लोकांकडे बसायचा, कागद बघायचा. हा मशीन चालवायचा, बिघडलं की पोटात शिरायचा, आणि संध्याकाळी शेडमधे लावून, इंजिनावर हात फिरवून मगच घरात यायचा. मशीनचे कागद दादाच्या नावावर होते. कुणाच्या नावावर आहेत हा प्रश्न मिस्त्रीला तीस वर्षांत पडला नाही. आपला श्वास कुणाच्या नावावर आहे हे कुणी विचारतं का?

अलीकडे मात्र त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना मुंग्या यायच्या आणि सकाळी उठताना कंबर धरायची. तीस वर्षं थरथरत्या सीटवर बसल्याचं ते बक्षीस. बायको म्हणे आता पुरे. हा म्हणे, बघू.

अशात एका दुपारी दादा शेडमधे आला. हातात घडी केलेला कागद होता.

"मोठं काम आलंय," दादा म्हणाला. "ती दलदल आहे ना, नदीच्या पलीकडची? तिथं बंधारा घालायचाय. पण आपलं मशीन तिथं रुतेल."

"रुतेलच," मिस्त्री म्हणाला. "साखळीच्या प्लेटा वीस इंची आहेत. चिखलात वीस इंच म्हणजे सुई टोचल्यासारखं."

"रुंद करता येतील?"

मिस्त्रीनं हात पुसले. या मशीनबद्दल कुणी काही विचारलं की त्याचा चेहरा उजळायचा. "प्लेटा रुंद करणं सोपं आहे रे. पण नुसत्या प्लेटा वाढवल्या तर त्या आतल्या बाजूनं बॉडीला घासणार. म्हणून दोन्ही साखळ्या बाहेर सरकवाव्या लागतील. म्हणजे मागचा आडवा शाफ्ट लांब हवा. दातेरी चाकांना मधे जाड चकत्या हव्यात. पात्याच्या दोन्ही भुजा बाहेर घ्याव्या लागतील, आणि पातंही वाढवायला हवं. नाहीतर साखळ्या पात्याबाहेर राहतात आणि मशीन आपल्याच वाटेत अडकतं."

"तुझ्याशिवाय कुणाला जमेल?"

"या जुन्या मशीनचं? याचे भाग कुठं मिळत नाहीत. सगळं घडवावं लागणार." तो हसला. "कुणालाच नाही."

दादानं कागद उलगडला. "प्लेटा चौतीस इंची. आणि दोन्ही बाजू आठ-आठ इंच बाहेर."

"चौतीस कशाला? त्या चिखलाला सव्वीस पुरे. उगाच रुंद केलं तर वळताना साखळीवर ताण येतो."

"चौतीसच," दादा म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघ, मी आता थकलो. लोकांच्या दारात बसायचा कंटाळा आलाय. एवढं काम होऊ दे. मग मशीन तुझ्या नावावर करतो. तुझं तू बघ."

मिस्त्रीच्या नावावर जगात काहीच नव्हतं. घर वडिलांच्या नावावरचं, शेड दादाच्या, फोनसुद्धा बायकोच्या. आणि आता मशीन.  तो मशीनच्या पलीकडच्या बाजूला गेला आणि काही कारण नसताना त्यानं डिझेलच्या टाकीचं झाकण काढून परत लावलं.

कामाला त्यानं जी सुरुवात केली ती बघण्यासारखी होती. दादाचं म्हणणं पडलं की काम शेडमधे नको, दलदलीच्या काठावर मोकळ्या जागेत कर. जड माल तिथंच उतरेल, क्रेनही तिथं येईल. मिस्त्रीला ते पटलं. मशीन ट्रेलरवर चढवून तिकडं नेलं. जाताना पातं शेडच्या दाराच्या खांबाला किंचित खरवडलं, नेहमीसारखं. दार साडेनऊ फुटी. मशीन आत-बाहेर करताना दोन्ही बाजूंना कसाबसा हात मावायचा.

काठावर त्यानं ताडपत्री ताणली, जनरेटर लावला, लाकडाचे ओंडके रचून त्यावर मशीन उचललं. साखळ्यांच्या पिना घणानं ठोकून काढल्या आणि दोन्ही साखळ्या मेलेल्या अजगरांसारख्या जमिनीवर पसरल्या. एका साखळीला एकोणचाळीस प्लेटा, एका प्लेटेला चार बोल्ट. जुने बोल्ट गॅसनं कापून काढायलाच तीन दिवस लागले. शाफ्टचं माप तो सुतळीवर घेऊन शहरातल्या लेथवाल्याकडे गेला. लेथवाला म्हणाला, आकडा सांगा. हा म्हणाला, आकडा कशाला, सुतळी घ्या, एका गाठीपासून दुसऱ्या गाठीपर्यंत. दोघांची तासभर हुज्जत झाली. शाफ्ट बनून आला तेव्हा केसभर फरक नव्हता.

तो इतका खुशीत होता की त्याच्या मुंग्या थांबल्या, निदान तो तसं सांगायचा. वेल्डरला सांगायचा, लेथवाल्याला सांगायचा, चहाच्या टपरीवर सांगायचा, हे काम झालं की मशीन माझ्या नावावर. कुणी म्हणालं, मग पेढे हवेत. हा म्हणाला, देतो की. दादानं ते ऐकलं होतं. दादा शेजारीच कप धूत उभा होता.

दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी बायको डबा घेऊन आली. एरवी ती डबा वेल्डरच्या हाती पाठवायची. त्या दिवशी स्वतः आली, ओंडक्यावर बसली आणि बराच वेळ मशीनकडे बघत राहिली. डावी बाजू तयार झाली होती. नव्या प्लेटा चकचकत होत्या, एकेक दाराच्या फळीएवढी.

"अहो," ती म्हणाली, "हे आता आपल्या शेडच्या दारातून आत कसं जाणार?"

मिस्त्रीचा घास हातातच राहिला. खरंच की. साखळ्यांची रुंदी त्यानं शंभर वेळा मोजली होती, बॉडीपासूनचं अंतर, पात्याचं, भुजांचं. दाराचं माप त्यानं घेतलंच नव्हतं. मशीन संध्याकाळी घरी येतं हे त्याच्या मनात इतकं पक्कं होतं की ते कसं येईल हे मोजायचं त्याला सुचलं नाही. बायको त्याच्या तोंडाकडे बघत होती. तिला आणखी काही बोलायचं होतं की काय कोण जाणे. पण हा उठला होता, आणि सुतळी काढून एका साखळीच्या बाहेरच्या कडेपासून दुसरीची कडा जिथं येणार तिथवर ताणत होता.

घरी जाऊन त्यानं ती सुतळी दारावर धरली. वीतभर जास्त भरली.

"एवढंच ना," तो बायकोला म्हणाला. "उजवा खांब पाडू आणि दोन हात पलीकडं नवा घालू. विटांचा तर आहे."

बायकोनं डबा घासायला घेतला.

रविवारी त्यानं दादाला विचारलं. शेड दादाची, विचारायला हवं. दादानं खांबावरून हात फिरवला. मग म्हणाला, "तुला पटतंय तसं कर."

"टोक धर जरा."

दादानं सुतळीचं टोक धरलं. नीट धरलं, खांबाच्या पायाशी बसून, अंगठ्यानं दाबून. मिस्त्रीनं खडूनं रेघ मारली आणि घण उचलला. दिवसभर तो खांब पाडत होता. दादानं त्याला दोनदा पाणी आणून दिलं. विटा पडताना एकदा म्हणालासुद्धा, "पायावर पडेल, सांभाळ." एवढी काळजी. संध्याकाळपर्यंत दार पुरतं उघडं पडलं आणि शेडचं छप्पर मिस्त्रीनं दोन वाशांवर तोलून धरलं. लोकांमधे म्हण आहे, बैल गेला आणि झोपा केला. इथं बैल विकला गेलाय हे झोपा करणाऱ्याला माहीत नव्हतं आणि विकणारा त्याला पाणी पाजत होता.

एकविसाव्या दिवशी मशीन तयार झालं. सकाळी मिस्त्रीनं सगळे बोल्ट एकदा आवळले. आधी पाना कट् म्हणेपर्यंत, मग पान्याला पाइप लावून वर एक तृतीयांश फेरा. तीनशे बारा बोल्ट. मग सीटवर बसला आणि मशीन सरळ दलदलीत घातलं.

तसं सुख त्याला आयुष्यात क्वचित मिळालं असेल. एवढं वीस टनांचं धूड, पण चार बोटं रुतलं आणि तिथंच थांबलं. जिथं माणूस गुडघ्याइतका जातो तिथं ते तरंगत चाललं. वळवलं, वळलं. पातं टाकलं, काळा चिखल सायीसारखा गोळा होऊन पुढं सरकला. दादाचं चौतीस बरोबर होतं, असं त्याच्या मनात आलं, आणि दादाच्या शहाणपणाचं त्याला कौतुकही वाटलं. दोन तास तो एकटाच हसत फिरत होता.

बाहेर आला तेव्हा काठावर एक माणूस उभा होता. चाळिशीचा, डोक्याला रुमाल, आणि काखेत सीटवर टाकायची गादी.

मिस्त्रीनं इंजिन बंद केलं. गादीकडे बघितलं. डोझर चालवणारा माणूस एका दिवसाच्या कामाला गादी आणत नाही. जिथं वर्षं काढायची असतात तिथंच स्वतःची गादी घेऊन येतो.

"तुम्हीच मिस्त्री ना?" तो माणूस म्हणाला. "नमस्कार. मी नवा ड्रायव्हर. मालक म्हणाले, आजचा दिवस मिस्त्रींकडून समजून घे, उद्यापासून तूच."

"कुठले मालक?"

"आमचे. कंत्राटदार." त्यानं बंधाऱ्याच्या बाजूला हात केला. "महिना झाला की सौद्याला. चौतीस इंची करून दिलं तरच घेतो, असं ठरलं होतं. मालक आधी नको म्हणत होते, एवढं जुनं मशीन कशाला. पण तुमचे दादा म्हणाले, माझा भाऊ करून देईल, त्याच्यासारखं काम कुठं मिळणार नाही." तो मनापासून म्हणाला, "आणि खरंय हो. मी बघत होतो. लोण्यावर चालल्यासारखं चाललं."

महिना झाला. म्हणजे कागद घेऊन दादा शेडमधे आला त्याच्या आधीच. सव्वीस पुरे म्हणून तो सांगत होता तेव्हाच चौतीस विकलं गेलं होतं. शाफ्टसाठी तो लेथवाल्याशी भांडत होता, टपरीवर पेढ्यांचं कबूल करत होता, खांब पाडत होता, ते सगळं दुसऱ्याच्या मशीनसाठी.  केसानं गळा कापणं म्हणतात ते असं असतं. कापणारा कापत असतो आणि आपण मान सरळ धरून त्याला सोयीचं करून देतो.

त्यानं ड्रायव्हरला लिव्हर दाखवले, ब्रेक दाखवले, थंडीत इंजिन कसं चालू करायचं ते दाखवलं. माणसाचा काही दोष नव्हता. शेवटी ड्रायव्हरनं विचारलं, "आणखी काही ध्यानात ठेवायचं?"

होतं. सगळ्यात महत्त्वाचं तेच होतं. नव्या प्लेटांचे बोल्ट पहिल्या दहा तासांत बसका घेतात. दहा तास भरले की सगळेच्या सगळे पुन्हा आवळायचे. नाही आवळले तर दोन दिवसांत ढिले पडतात, तुटतात, आणि चौतीस इंची प्लेट वाकडी होऊन साखळीसकट बॉडीत घुसते. तेही भर दलदलीत.

"नाही," मिस्त्री म्हणाला, आणि चालू लागला.

दादा घरीच होता, ओट्यावर. त्याला बघताच दादानं ओळखलं. बसायला जागा केली. मिस्त्री बसला नाही.

"का?" मिस्त्रीनं विचारलं.

"तुझी कंबर गेलीय. माझी उमेद गेलीय. मशीन अजून किती वर्षं चाललं असतं? आज कुणी घेतलं, उद्या भंगारवाला आला असता."

"ते मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर रुंद केलं असतंस?"

"नाही."

"मग?" दादा म्हणाला. जणू बेरीज करून दाखवली आणि उत्तर बरोबर आलं.

मिस्त्रीला तो 'मग' सगळ्यात जास्त लागला. "माझ्या नावावर करतो म्हणालास."

दादानं ओट्यावरची धूळ हातानं झटकली.

"खांब पाडताना टोक धरलंस तू. पाणी दिलंस मला. तेव्हा तरी."

"तुझा हात चालू होता," दादा खाली बघत म्हणाला. "इतका खुशीत होतास. जीभ उचलली नाही."

"पातं खरवडलं तरी मी तुला येऊन सांगायचो रे," मिस्त्री म्हणाला.  त्याला शिव्या द्यायच्या होत्या, पण तीस वर्षांत दादाला शिवी द्यायची सवयच लागली नव्हती.

घरात बायको दाराआड उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. त्यानं तिच्याकडे बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावर त्याला जे दिसायला हवं होतं ते दिसलं नाही. धक्का नव्हता.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"दादांनी आधीच सांगितलं होतं. शपथ घातली होती, बोलायचं नाही म्हणून." ती थांबली. "शपथेचं जाऊ दे. मलाही ते मशीन जायला हवं होतं. रात्री तुमचे हात झोपेत थरथरतात. मला तुम्ही घरी हवे होतात. पण मग टपरीवर तुम्ही पेढ्यांचं बोललात, ते माझ्या कानावर आलं, आणि मला राहवेना. म्हणून डबा घेऊन मी आले."

"आणि दार विचारलंस."

"मला वाटलं, दार मनात आलं की तुम्हाला कळेल. हे घरी यायचंच नाहीये, हे कळेल. कुणालाही कळलं असतं." तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि थोडा रागही. "तुम्ही उठून खांब पाडलात."

मिस्त्री खाटेवर बसला. तिचं खरं होतं, आणि खरं असल्यानं ते जास्तच बोचलं. कुणी प्रश्न विचारला की हा मोजायला लागायचा. एकानं थेट फसवलं होतं, दुसरीनं अर्धं सांगून अर्धं गिळलं होतं. सगळ्या घरात कळलं नव्हतं ते एकट्यालाच, आणि जो एकटा राबत होता तोही तोच. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, असं त्याची आई म्हणायची. त्यानं पाय वर घेतले आणि भिंतीकडे तोंड केलं. बायकोनं हाक मारली, तो जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी तो सकाळपासून अंगणात बसून होता. शेडकडे त्यानं पाठ केली होती. दोन तास काल झाले. आज सातला ड्रायव्हरनं सुरू केलं असणार. आठ वाजता तीन तास. दहाला पाच. आपण मोजतोय हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याला स्वतःचीच चीड आली. तुटू दे, असं तो मनात म्हणाला. प्लेट वाकू दे, साखळी उतरू दे, कंत्राटदारानं दादाच्या दारात येऊन बसू दे. मग दादाला कळेल, मशीन विकता येतं, मिस्त्री विकता येत नाही. बाराला सात तास झाले. त्याला ते गोड वाटत होतं. मग त्याला ती गादी आठवली. साखळी उतरते तेव्हा मशीन एका बाजूला बसतं. काठापासून दूर, चिखल वर चढत असताना, तो माणूस त्या गादीवर बसलेला असणार.

अडीच वाजता त्यानं मोठा पाना, पाइप आणि गोणपाट उचललं. बायकोनं विचारलं नाही कुठं. पाण्याची बाटली तेवढी पुढं केली. ती त्यानं घेतली नाही.

ड्रायव्हरनं त्याला बघून मशीन काठावर आणलं आणि बंद केलं. मिस्त्री गोणपाट टाकून डाव्या साखळीशी बसला. पहिलाच बोल्ट पाव फेरा फिरला. दुसरा अर्धा. म्हणजे वेळेवर आलो होतो, असं त्याला वाटलं, आणि तेवढ्यापुरतं बरंही वाटलं. प्लेटमागून प्लेट. ड्रायव्हर लिव्हर किंचित ओढून साखळी पुढं सरकवायचा आणि इंजिन बंद करायचा, मग पुढच्या प्लेटा. डाव्या बाजूचे एकशे छप्पन्न संपले तेव्हा मिस्त्रीची दोन बोटं बधिर झाली होती.

ड्रायव्हरनं खाली उतरून त्याला चहा दिला. "मालक सकाळीच म्हणाले होते, आज तुम्ही येणार म्हणून."

"कोण म्हणालं येणार?"

"तुमचे दादा. सौदा झाला तेव्हाच बोलले म्हणे. पहिल्या दहा तासांनी बोल्ट आवळावे लागतात, त्याची चिंता नको. भाऊ रागावलेला असेल, कुणाशी बोलणार नाही, पण दहा तास भरले की येईल. बोलवावं लागणार नाही." ड्रायव्हर हसला. त्याला वाटलं आपण चांगलंच काही सांगतोय. "तसंच झालं बघा."

मिस्त्रीनं कप खाली ठेवला. चहा अर्धा राहिला. मशीन विकलं, ते विकलंच. त्याबरोबर हेही दिलं होतं, त्याचं हे न राहवणं. त्याचा राग कुठं संपतो आणि पाय कुठं चालायला लागतात हे दादाला आधीच माहीत होतं, आणि तेही त्यानं सौद्यात घालून टाकलं होतं. त्याला कालपेक्षा जास्त लागलं. काल निदान तो फसला होता. आज तो आपल्या पायानं चालत आला होता.

उजवी बाजू राहिली होती. पाना टाकून उठावं, असं त्याच्या मनात आलं. पण एक बाजू घट्ट आणि एक ढिली हे सगळ्यात वाईट. मशीन ढिल्या बाजूला ओढतं. तो उठला आणि पलीकडं जाऊन बसला. निम्म्या प्लेटा झाल्यावर थांबला.

"पन्नास तासांनी परत बघावे लागतील ना?" ड्रायव्हरनं विचारलं. "तेव्हा याल?"

दादानं तेही कबूल केलेलं असणार. पन्नास तास, मग दोनशे, मग प्लेट झिजली तर, मग शाफ्टचा आवाज आला तर. तो मरेपर्यंत येत राहणार होता, आणि दादा ओट्यावर बसून बरोबर ठरणार होता.

"इकडं या," मिस्त्री म्हणाला. "खाली बसा. पाना धरा."

ड्रायव्हर बसला. मिस्त्रीनं त्याचा हात पान्यावर ठेवला, कट् कसं ऐकायचं ते दाखवलं, पाइप लावून वरचा एक तृतीयांश फेरा खडूची खूण करून दाखवला. कुठली प्लेट आधी ढिली पडते ते सांगितलं. शाफ्टचा आवाज कसा येतो आणि येण्याआधी पायाला कसा लागतो ते सांगितलं. तीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं ते सगळं, एकेक, घाई न करता. ड्रायव्हरचा हात चांगला होता. पहिले दोन चुकले, तिसऱ्यापासून जमायला लागलं. मिस्त्री बाजूला सरकून नुसता बघत राहिला.

शेवटचा बोल्ट ड्रायव्हरनं एकट्यानं आवळला. मिस्त्रीनं पाना लावून ओढून बघितला. तो तसूभर हलला नाही. आता या मशीनला त्याची गरज उरली नव्हती, आणि तेही काम त्यानं स्वतःच्याच हातानं नीट पुरं केलं होतं.